गुळाचा पाक आणि गुलाबी गाठी

लोणावळे, १० नोव्हेंबर

श्रीमान मेहबूब शेख, भूतपूर्व भट्टीप्रमुख, सांप्रत मुक्काम सांगली, चिरंजीव इर्शाद याच्या आश्रयास, यांच्या चरणी नव्हे परंतु चरणांच्या आसपास राजेंद्र केदारी याचे निवेदन.

तू माझा दूरध्वनी क्रमांक अवरुद्ध केला आहेस, अशी माझी धारणा झाली आहे. महिनाभर प्रत्येक वेळी एकच घंटा वाजते आणि नंतर एक अपरिचित स्त्री माझी क्षमा मागते. अतएव मी डाकसेवेला शरण आलो आहे. तिच्यात अवरोधाची सोय नाही. पत्र फाडता येते, परंतु फाडण्यापूर्वी ते कुणाचे आहे हे पाहावे लागते, आणि पाहताना एखादी ओळ डोळ्यांत शिरतेच. ही शिरली असल्यास पुढे वाच.

प्रथम भट्टीच्या खोलीविषयी. आपल्या चिक्कीच्या दुकानामागील ज्या खोलीत तू पंचवीस वर्षे शेंगदाणे भाजलेस, ती तुझे गुडघे संपावर गेल्यापासून रिकामी होती. तिची किल्ली मी तुझ्या कन्येला दिली, आणि तुला विचारले नाही, हा माझ्यावरील आरोप मला मान्य आहे. परंतु तळेगावच्या कंपनीतील नोकरी शहिस्ताने सोडली ती किल्ली मिळाली म्हणून नव्हे. तिने आधी सोडली, नंतर किल्ली मागितली. हा कालानुक्रम तू रिक्षात बसण्याच्या घाईत लक्षात घेतला नाहीस.

रिक्षात बसता बसता तू जो निवाडा दिलास तो मी येथे पुन्हा लिहितो, म्हणजे उत्तरकाळी पाठभेद नको. "फेब्रुवारी संपेपर्यंत गावातला एक तरी शेतकरी, नात्याचा नाही, भिडेखातर नाही, स्वतःच्या पायांनी हिच्या दारात येऊन ती काळी पुडी मागू दे. मग मी मानीन. नाही तर ही कंपनीत परत जाईल. साहेबांनी मार्चपर्यंत जागा धरून ठेवली आहे." त्यावर शहिस्ता "मान्य" म्हणाली. एवढ्या दीर्घ वाक्याला एवढे ऱ्हस्व उत्तर मी कुणाकडूनही ऐकलेले नाही. अपवाद तुझा.

आता त्या काळ्या पुडीविषयी. हरभऱ्याच्या मुळांवर गाठी धरतात. त्या गाठींत एक सूक्ष्म जीव राहतो, रायझोबियम नावाचा. हवेत नत्र अपरंपार आहे, पण झाडाला तो तसाच घेता येत नाही. हा जीव तो पचवून झाडाला देतो. आपल्या मावळात मात्र भाताची खाचरे चार महिने पाण्याखाली असतात. त्या जलसमाधीत हरभऱ्याचा हा सोबती बहुतांशी नष्ट होतो, आणि भातानंतर आपण हरभरा पेरतो तेव्हा त्याला जमिनीत ओळखीचे कुणीच भेटत नाही. तुला कळेल अशा भाषेत सांगायचे तर, गोदाम शेंगदाण्यांनी भरलेले आहे, पण भट्टीवाला सांगलीला निघून गेला आहे.

शहिस्ता हा जीव चांगल्या झाडाच्या गाठीतून वेगळा काढते, बाटल्यांत वाढवते आणि कोळशाच्या काळ्या भुकटीत मिसळून पुडी बांधते. पुडी बियाण्याला चोळायची आणि पेरायचे. हे लोकांना पटवण्यासाठी एक शेत हवे होते. कुसगावातील तुझे खाचर नुकतेच कापणीतून मोकळे झाले आहे, आणि त्याची देखभाल तू माझ्याकडे सोपवून गेला आहेस. निम्म्यात पुडी चोळलेले बी, निम्म्यात साधे. तुझी अनुमती घेतली नाही. कशी घेणार, ते पहिल्या परिच्छेदात आले आहे.

तुझा, तुझी इच्छा नसतानाही,
राजेंद्र


लोणावळे, १६ नोव्हेंबर

मौनव्रती मेहबूब,

पेरणी झाली. आणि ती कुणाच्या देखरेखीखाली झाली, हे ऐकून तुझ्या मनात जे येईल ते मनातच ठेव.

वाफसा आला त्याच दिवशी शहिस्ताला पुण्यात नमुने तपासून घ्यायला जावे लागले. प्रयोगशाळेने दिलेली तारीख हलेना, आणि जमिनीतील ओल तारखा पाळत नाही. निघताना तिने पुड्या माझ्या हाती दिल्या आणि एक कागद. "काका, एवढंच वाचा आणि एवढंच करा. सुधारणा करू नका." मी तिला आश्वस्त केले. संस्कृत विषयात द्वितीय श्रेणी संपादन केलेल्या मनुष्यास तीन वाक्यांचा कागद वाचता येणार नाही, असे मानणे हा त्या विषयाचाच अवमान आहे.

कागदावर लिहिले होते: गूळ पाण्यात घालून उकळावा. द्रावण थंड होऊ द्यावे. त्यात पुडी कालवून बियाण्यास हलक्या हाताने चोळावी, सावलीत सुकवावे, लगेच पेरावे.

दुसऱ्या वाक्याशी माझा तात्त्विक मतभेद झाला. मेहबूब, तू साक्षी आहेस. आयुष्यभर मी गुळाचा पाक करीत आलो आहे. थंड झालेला पाक हा पाक नव्हेच. ते भांड्याला आलेले संकट असते. तो कशालाही धरत नाही. चिक्कीचे यश ऊन पाकात आहे, आणि जे शेंगदाण्याला लागू ते हरभऱ्यास का लागू नसावे? हे वाक्य सामान्यजनांसाठी, ज्यांचा हात भाजेल अशांसाठी घातले असावे, असा मी अर्थ लावला. पितळी पातेल्यात पाक केला, जरा पातळ ठेवला, पातेले घोंगडीत गुंडाळून टेम्पोतून शेतावर नेले. पोहोचलो तेव्हाही हात क्षणभरच टेकवता येईल अशी ऊब होती. त्यात पुड्या कालवल्या. रंग असा उतरला की दुकानात ठेवावा.

टोकणीला नंदाबाई आणि तिच्याबरोबरच्या बाया होत्या. नंदाबाईने एक मूठ उचलून पाहिली.

"भाऊ, बी येकमेकाला चिकटतंय की. हे भोकात टाकायचं का डब्यात भरायचं?"

"नंदाबाई, ही आसक्ती तात्पुरती आहे."

"ती आसू द्या. पर मला दान्यापासनं दाना सोडवाय लागतोय."

शेवटचे थोडे बी उरलेले असताना दुकानातून माधवीचा फोन आला. सुरतेची बस उभी आहे, तीळ-चिक्की संपली आहे, आणि नवरा शेतात गूळ सांडतो आहे, असे तिचे संक्षिप्त निरूपण होते. आवाज नीट यावा म्हणून मी बांधावर गेलो आणि बराच वेळ तिथेच अडकलो. परत आलो तेव्हा बायांनी उरलेले बीही आटोपले होते. नंदाबाई पातेले पालथे घालून त्यावर बसली होती.

कार्य सिद्धीस गेले आहे. तू नुसता "बरं" असे लिहून पाठवलेस तरी मी त्याचा विस्तृत अर्थ लावीन.

तुझा,
राजेंद्र


लोणावळे, १९ डिसेंबर

मेहबूब,

या वेळी विशेषणे लावीत नाही.

काल शहिस्ताने शेतातील झाडे उपटून मुळे पाहिली. आधी साध्या निम्म्यातील, रस्त्याकडची. मुळे स्वच्छ, एखाददुसरी बारीक गाठ. ते अपेक्षितच होते. मग पुडीच्या निम्म्यातील. ती एकेक झाड कुदळीने मातीसकट उचले, बादलीत हलकेच धुई आणि मुळे तळहातावर पसरून पाही. मी मागे उभा राहून मान डोलावीत होतो, कारण कशाला मान डोलवायची हे मला ठाऊक नव्हते.

तीही मुळे स्वच्छ होती.

दहाएक झाडे पाहिल्यावर ती बांधावर बसली. "काही धरलंच नाही," ती म्हणाली. "माझा जिवाणूच कमकुवत असणार. बाटलीत वाढतो आणि मातीत मरतो." तिचा आवाज कंपनीत अहवाल वाचणाऱ्या माणसाचा होता. मग तिने विचारले, "काका, द्रावण थंड केलं होतं ना?"

मी म्हणालो, "यथाविधी."

मेहबूब, यथाविधी हा शब्द फार उपयुक्त आहे. विधी कुणाचा, हे तो सांगत नाही.

परतीच्या वाटेवर मी सहज विचारतो आहे अशा थाटात विचारले की हा जीव किती उष्णता सोसतो. "आपल्या अंगाला सोसवते तेवढी," ती म्हणाली. "त्याहून थोडी जास्त. चहाच्या कपात टाकला तर संपला." 

म्हणजे पुण्याहून ती ज्यांची प्रकृती उत्तम असल्याचे प्रमाणपत्र घेऊन आली, त्यांची मी त्याच दिवशी खीर केली होती.

वेशीवर भिमाजीआबा भेटले. त्यांची जीभ तुला ठाऊक आहे. "राजाभाऊ, ह्या वर्साला हरबऱ्याला गूळ लावलाय म्हनं. पुढल्या साली भाताला येलची लावा." बरोबरची माणसे हसली. शहिस्ताही हसली, कारण तिला त्यात काय दडले आहे ते माहीत नव्हते.

आज सकाळी कंपनीच्या साहेबांचा तिला फोन आला. मी पाक ढवळीत असताना पलीकडून तिचे शब्द ऐकू आले. "हो सर. हो, विचार करते. महिनाअखेरीपर्यंत सांगते." आणि नंतर खोलीत बाटल्या आवरल्याचा आवाज. तिने त्या धुवून उपड्या ठेवल्या आहेत. तू भट्टी बंद केलीस त्या दिवशी झारे असेच उपडे ठेवले होतेस.

आता स्थिती अशी आहे. मी सांगितले नाही, तर ती आपल्या जिवाणूला नालायक ठरवून कंपनीत जाईल. सांगितले, तरी नवी पेरणी करायला हंगाम शिल्लक नाही आणि दाखवायला शेत नाही, शिवाय गावभर तुझ्या मित्राचे नाव होईल. पहिल्यात तिचे नुकसान आहे आणि दुसऱ्यात दोघांचे. हिशोबाने पहिले स्वस्त पडते. पण ती त्या मुळांकडे ज्या नजरेने पाहत होती, ती नजर माझ्या हिशोबात बसत नाही.

तिला सांगणार आहे. तुला आधी सांगितले, कारण तू उत्तर देत नाहीस.

राजेंद्र


लोणावळे, २७ डिसेंबर

मेहबूब, मित्रा, आणि आजच्या दिवसापुरता तरी शेतमालक,

सांगितले. पाच-सहा दिवस योग्य मुहूर्ताच्या शोधात गेले, तो सापडला नाही, म्हणून अयोग्य वेळी सांगितले. ती खोक्यात बाटल्या भरीत होती. मी दारात उभा राहिलो आणि पुष्कळ प्रस्तावना केली. ती म्हणाली, "काका, मराठीत सांगा."

"मी पाक थंड केला नव्हता."

तिच्या हातातील बाटली खोक्यात जाता जाता थांबली. "किती गरम होता?"

"हात क्षणभर टेकवता येईल इतका."

"क्षणभर म्हणजे चटका बसेल इतका?"

"तशी व्याख्या करता येईल."

"तुम्ही माझे जिवाणू शिजवलेत."

"हेतू तो नव्हता."

"कागदावर थंड करा असं लिहिलं होतं, काका."

"त्या वाक्याशी माझा मतभेद होता."

मेहबूब, तुझी कन्या ओरडत नाही. ओरडली असती तर सोपे गेले असते. ती स्टुलावर बसली, कपाळावर हात ठेवला, आणि मला वाटले ती रडते आहे. पाहतो तो तिचे खांदे हसण्याने हलत होते. "म्हणजे ते कमकुवत नाहीत," ती म्हणाली. "म्हणजे त्यांना मातीत जायलाच मिळालं नाही." इतका आनंद मी कुणाला अपराधाच्या कबुलीने झालेला पाहिलेला नाही. पण लगेच तिचा चेहरा उतरला. "पण आता दाखवायचं काय? लोकांना काय सांगू, आमच्या काकांनी मारले म्हणून? कोण विश्वास ठेवेल?" आणि मग तिने तो प्रश्न विचारला जो मला सुचणे शक्य नव्हते. "सगळंच बी गरम पाकातलं होतं? एकूण एक?"

मी म्हणालो, सर्व. तरीही ती म्हणाली, चला, नंदाबाईला विचारू.

नंदाबाई तुझ्याच शेतात होती. पिकाला फुले धरण्यापूर्वी हरभऱ्याचे शेंडे खुडून भाजी करतात. तेच ती करीत होती, आणि ओच्यात बरीच भाजी जमली होती. परवानगी कुणाची, हे मी विचारले नाही, माझीही नव्हतीच. ती वरच्या बांधालगत खुडत होती. खाली एवढे मोठे शेत सोडून ती त्या कोपऱ्यात का, असे शहिस्ताने विचारले.

"हितली भाजी कवळी हाय. पानं कशी गडद हाईत बग. खालची समदी पिवळट, राठ. आठ-धा दिस झालं मी हितलीच खुडत्ये."

शहिस्ताने माझ्याकडे पाहिले, मग नंदाबाईकडे. "मावशी, इथलं बी कोणी टोकलं?"

"मीच की. पाक सरला व्हता आन् बी उरलं व्हतं. भाऊ बांधावर फोनवर बोलत गेलतं. भांड्याला लय गूळ चिकटलेला, टाकायचा कशाला? हिरीच्या पान्यानं भांडं इसळलं, येक पुडी ऱ्हायली व्हती ती त्यात वतली आन् बी चोळलं. का वं भाऊ, काय चुकलं का माजं?"

विहिरीचे पाणी, नोव्हेंबरमधले. मी बांधावर बसलो. उभे राहण्याची आवश्यकता मला वाटली नाही.

शहिस्ताने त्या पट्ट्यातील एक झाड उचलले. बादली नव्हती, म्हणून आपल्या पिण्याच्या बाटलीतील पाण्याने मुळे धुतली. मेहबूब, मुळांवर गाठी होत्या. एकदोन नव्हे, ज्वारीच्या दाण्याएवढ्या, एकमेकींना खेटून, जणू कुणी माळ गुंफली आहे. तिने एक गाठ नखाने चिरली. आत गुलाबी. ताज्या कापलेल्या पेरूचा असतो तसा गुलाबी. "पांढरी निघाली असती तर झोपलेली," ती म्हणाली, "गुलाबी म्हणजे काम चालू आहे." मग तिने खालचे, गरम पाकातल्या बियाण्याचे एक झाड आणि साध्यातील एक झाड आणले आणि तिन्ही शेजारी ठेवली. नंदाबाईने विचारले, "पोरी, रडतीस का?" तर म्हणाली, "नाही मावशी, मोजते आहे." दोन्ही चालले होते.

नंदाबाईला वाटते आहे की तिने काहीतरी बिघडवले. तिला तसे नाही हे तीनदा सांगितले. ती म्हणते, मग पोरगी रडत का होती.

खोक्यातील बाटल्या पुन्हा फळीवर आल्या आहेत.

तुझा,
राजेंद्र


लोणावळे, २४ फेब्रुवारी

मेहबूब यांस,

गेले दोन महिने लिहिले नाही, कारण मी तुझ्या शेतात प्रेक्षणीय वस्तू म्हणून व्यग्र होतो.

तुझ्या कन्येने शेतात तीन पाट्या रोवल्या. पहिली: पुडी नाही. दुसरी: पुडी, गरम पाकातून. तिसरी: पुडी, थंड पाण्यातून. दुसऱ्या पाटीवर मी आक्षेप घेतला. एखादे सौम्य शीर्षक, उदाहरणार्थ 'पर्यायी पद्धती', मी सुचवले. तिने ऐकून घेतले आणि पाटीखाली कंसात 'राजूकाका' असे लिहिले. ती म्हणाली, "काका, तुम्ही नसतात तर फक्त दोन पट्टे असते. पुडी चुकली तर काय होतं, हे दाखवायला तिसरा पट्टा मला सुचलाही नसता." हे सांत्वन होते की शास्त्र, याचा निर्णय मी अद्याप केलेला नाही.

लोक आले ते दुसरी पाटी पाहायला. चिक्कीवाल्याने जिवाणूंची चिक्की केली, ही वार्ता कुसगावातून शिरगावपर्यंत पोहोचली. तिथल्या देवळात आलेली मंडळीही प्रसादानंतर चौकशी करून गेली, असे माधवीने ऐकले. येणारा प्रत्येक जण आधी माझ्या पट्ट्यापाशी हसे. हसून झाले की माणूस दोन पावले पुढे सरकतो, हा मानवी स्वभाव आहे. दोन पावलांवर तिसरी पाटी होती. तिथे हसू थांबत असे. पाने गडद, फांद्या जास्त, घाटे जास्त. आणि दोन पट्ट्यांमधली रेघ इतकी सरळ की नांगराने आखावी.

तिथे माणूस खाली बसे. मातीत बोट घाले. शहिस्ता एक झाड उपटून गाठ चिरून दाखवी. "आत्ता हे मेलेलं पीक नाही, जिवंत आहे, म्हणून गुलाबी. वाळलं की दिसणार नाही. आत्ताच बघा." ती असे शांतपणे सांगत असे की ऐकणारा आपोआप कमी बोले.

एवढे सगळे होऊनही, मेहबूब, मागितली कुणी नाही. लोक पाहत, माना हलवीत, ओले हरभरे भाजून खात, निघून जात. जानेवारी गेला. फेब्रुवारीचे दोन आठवडे गेले. साहेबांना "महिनाअखेरीपर्यंत" म्हणून सांगितलेला महिना तिने एकदा फेब्रुवारीअखेरीपर्यंत पुढे ढकलला होता. दुसऱ्यांदा ढकलणे तिला लाजिरवाणे वाटत होते. तुझ्या अटीत 'स्वतःच्या पायांनी' हे शब्द होते, म्हणून मी भेटेल त्याचे पाय दुकानामागे वळवण्याच्या इच्छेला निकराने आवर घातला. दोनदा तो सुटला. दोन्ही वेळा शहिस्ताने त्या माणसाला परत पाठवले. "काकांनी पाठवलं ना तुम्हाला? मग नको." तू घातलेली अट ती तुझ्यापेक्षा कठोरपणे पाळते आहे.

काल दुपारी भिमाजीआबा आले. दुकानात नव्हे, मागे, भट्टीच्या खोलीच्या दारात. मी अलीकडे गूळ फोडीत होतो. त्यांनी मला पाहिले नाही, किंवा पाहून न पाहिल्यासारखे केले, जे त्यांना चांगले जमते.

"पोरी, हाईस का?"

"या आबा. बसा."

"बसाय न्हाई आलो. ती काळी पुडी. पुढल्या पेरनीला माज्यासाटी ठिवशील का?"

मग तिने विचारले, "तुम्हाला कोणी पाठवलं, आबा?"

"मला कोन पाठिवनार? म्हातारी म्हनली जाऊ नगा, म्हनून आलो." आणि मग, आवाज चढवून, भिंतीतून मला स्पष्ट ऐकू यावा अशा बेताने, "पर येक अट हाय. त्या चिक्कीवाल्याला पुडीला हात लावू दिऊ नगं."

"नाही लावू देणार."

"आन् हरबऱ्याचीच दी. मला मसूर बी करायचाय, पर त्याच्या गाठीतल्या जिवांचा समाज येगळा आसंल, व्हय ना?"

"बरोबर बोललात आबा. मसुराचा वेगळा."

"मंग त्यो बी बघून ठिव."

ते गेल्यावर मी आत डोकावलो. ती जमिनीवर, भिंतीला टेकून, जिथे तुझी भट्टी होती त्या काळ्या डागावर बसली होती, हातात रिकामी पुडी. "काका," ती म्हणाली, "कंपनीत फोन करायचा आहे. तुम्ही इथेच थांबा, नाहीतर मी पुन्हा महिनाअखेर म्हणेन." मी थांबलो. तिने नाही सांगितले. साहेबांनी शुभेच्छा दिल्या असाव्यात, कारण तिने चार वेळा आभार मानले.

तुझी अट पूर्ण झाली आहे. साक्षीदार एक, भिमाजीआबा, ज्यांनी माझ्याबद्दल आजवर चांगला शब्द काढलेला नाही, म्हणून विश्वसनीय. आता तुझे काय, ते तू ठरव.

राजेंद्र


लोणावळे, ११ मार्च

मेहबूब,

तुझे पोस्टकार्ड आले. माझ्या नावाने नव्हे. त्यावर पत्ता होता 'व्यवस्थापक, जिवाणू विभाग, केदारी चिक्कीच्या मागे', आणि मजकूर असा की मी तो तिला दोनदा वाचायला लावला: इर्शादच्या सासऱ्यांच्या शेतात उन्हाळी भुईमूग उभा आहे, पावसाळ्यात पुन्हा भुईमूगच करायचा आहे, त्याकरता आपल्याकडील काळ्या पुड्या पाठवाव्यात, कळावे, मेहबूब शेख.

ना माझा उल्लेख, ना तिच्या नावाचा. एवढे कोरडे मागणीपत्र मुंबईच्या व्यापाऱ्यांकडूनही येत नाही. तरी शहिस्ताने ते कार्ड फळीवर, बाटल्यांच्या मागे, उभे करून ठेवले आहे. येणाऱ्या गिऱ्हाइकाला ते दिसत नाही. बाटली उचलताना फक्त तिलाच दिसते.

काल ती म्हणाली, "काका, उत्तर तुम्ही लिहा. मी लिहिलं तर चुकीचं काहीतरी लिहीन." म्हणून तिचे शब्द जसेच्या तसे खाली देतो.

"अब्बांना सांगा, हरभऱ्याची पुडी भुईमुगाला चालत नाही. भुईमुगाच्या मुळातला जीव वेगळा. तो माझ्याकडे नाही, तो तिकडच्या चांगल्या शेतातून काढावा लागेल. उभ्या पिकात फिरायचं. सगळ्यात गडद, सगळ्यात तजेलदार झाडं हेरायची. ओढायची नाहीत, मातीच्या गोळ्यासकट खणून काढायची. एखादी गाठ चिरून बघायची, गुलाबी निघाली तरच घ्यायची. ओल्या फडक्यात गुंडाळायची, उन्हात ठेवायची नाहीत, आणि त्याच दिवशी इथे पोचवायची. इर्शादबरोबर नको, कुरिअरने नको. झाडं निवडायला शेंगदाणा कळणारा माणूस हवा, आणि अब्बांइतका तो आमच्या घरात कोणाला कळत नाही."

मी लेखणी खाली ठेवून विचारले, "कुरिअरने खरोखरच चालणार नाही? बर्फाच्या डब्यात घालून?"

तिने बाटलीला बूच लावले, ती दिव्यासमोर धरून हलवली, पुन्हा फळीवर ठेवली.

"चालेल, काका. पण ते लिहू नका."

मी ते लिहिले आहे. सांगलीहून पहाटे निघणारी गाडी दुपारपर्यंत लोणावळ्यास येते. स्थानकावर मी असेन, पण बोलायची सक्ती नाही. झाडे माझ्या हाती देऊ नकोस, तिच्या हाती दे. आणि येताना फडके फार पिळून घेऊ नकोस, ओले राहू दे.

राजेंद्र